‘पापणी पडणे’ : नेमकं काय पडतं?

टिळकवाडीकर : डोळ्याच्या खोबणीतल्या गाठीच्या ऑपरेशनचं संमतीपत्रक मराठीत करतोय. खानापूर भागातले पेशंट पुष्कळ, कागद कन्नड-इंग्रजीत. ‘टोसिस’ला ‘पापणी पडू शकते’ लिहिलं. एका आजीला वाचून दाखवलं तर म्हणाली, “पडू देत की, परत येत्यात!” तिला केस वाटले. दुसरा शब्द सुचवा.

खडकगल्ली : वर्त्मपात. वर्त्म म्हणजे पापणी; सुश्रुतानं वर्त्माचे 21 रोग सांगितलेत. तयार शब्द असताना शोधाशोध कशाला?

निपाणीची सून : वर्त्मपात ऐकून आजी पिशवी उचलून गावाकडं जाईल ओ. आमच्यात ‘डोळा बारका झालाय’ म्हणतात.

चष्मेवाला : बारका नको. खोबणीचं हाड मोडून डोळा आत सरकला, तरी पापणीचा आधार जातो आणि डोळा बारका दिसतो. पापणी उचलणारा स्नायू तिथं धडधाकट असतो. टोसिसमध्ये तोच दुबळा पडतो. हा स्नायू खोबणीच्या छताखालून, पार मागच्या टोकापासून पापणीपर्यंत येतो. वरच्या बाजूनं गाठ काढताना तो किंवा त्याची नस (मेंदूतून निघणाऱ्या नसांतली तिसरी) ताणली जाते. कधी नुसती सूज असते. बहुतेकदा आपोआप सुधारतं, म्हणून दुरुस्तीचं ऑपरेशन करायला डॉक्टर सहसा सहाएक महिने थांबतात. ‘पडणे’मध्ये यातलं काय आलं? ‘वरची पापणी पुरती उचलली न जाणे’ लिहा.

खडकगल्ली : ही व्याख्या झाली, शब्द नव्हे.

निपाणीची सून : आजीला व्याख्याच पाहिजे, शब्द तुम्हाला पाहिजे.

शहापूरचा : ‘पातं’ विसरलात सगळे? ‘पातं लवतं न लवतं तोच’, ‘पात्याला पातं लागलं नाही’. तिथं केसांचा घोटाळाच नाही. ‘पातं उतरणे’ करा.

चष्मेवाला : ऑपरेशनच्या कागदावर ‘डोळ्याचं पातं’? पेशंट विचारेल, कुठल्या ब्लेडचं?

शहापूरचा : मग भाषा ब्लेडवाल्यांच्या हवाली करायची काय? अशानंच शब्द मरतात.

निपाणीची सून : ‘झापड’ कशी? सासूबाई म्हणतात, डोळ्यावर झापड आली.

टिळकवाडीकर : ती झोपेची. पेशंटला वाटेल भूल उतरली नाही. तूर्त ‘वरची पापणी अर्धवट मिटलेली राहणे’ लिहू काय? आणि ‘काही महिने’ कंसात घालू की सरळ?

खडकगल्ली : ‘अर्धवट’ पेशंटला लागेल, जपून. आणि कन्नडात पापणीला ‘रेप्पे’ म्हणतात, ते मूळचं कुठलं? मला तर पापणीतला ‘प’ तिथूनच आल्याचा संशय आहे.

शहापूरचा : काय सांगताय! एका ‘प’वरनं घराणं ठरवताय होय?

चष्मेवाला : खडकगल्ली, मग खालच्या पापणीला तुमच्याकडं काय म्हणतात?