एमएस आणि नागपूरचा उन्हाळा: घर, कूलर, इंजेक्शन यांची काय तयारी करावी?

तर्रीपोहे:
बहिणीला (वय ३४) रिलॅप्सिंग-रेमिटिंग एमएस आहे (मल्टिपल स्क्लेरॉसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार; या प्रकारात अटॅक येतो आणि ओसरतो). निदान पावसाळ्यातलं, म्हणजे हा पहिलाच उन्हाळा. मार्चपासून दुपारी पाय जड होतात, डाव्या डोळ्याला धुरकट दिसतं, संध्याकाळी पुन्हा ठीक. घर त्रिमूर्तीनगरला, सगळ्यात वरचा मजला. हा नवा अटॅक समजायचा का? कूलर पुरेल की एसीच घ्यावा? इंटरफेरॉनची (अटॅक कमी यावेत म्हणून घ्यायची) इंजेक्शनं कशी सांभाळायची?

झिरोमाईल:
संध्याकाळी सगळं पूर्ववत होतंय, म्हणजे बहुधा अटॅक नाही. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण जागोजागी खराब झालेलं असतं. तिथून संदेश कसाबसा पुढे सरकतो, आणि अंग अर्धा अंश तापलं तरी अडतो. अंग निवलं की वाट मोकळी. याला उथॉफची लक्षणं म्हणतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये ती नोंदवली. त्यातून नवं नुकसान होत नाही.

त्रास सुरू झाला की आधी थर्मामीटर लावा. ताप नसेल तर थंड खोलीत झोपवा, मानेवर आणि मनगटांवर ओला पंचा ठेवा, वेळ लिहून ठेवा. जुनीच लक्षणं आणि तासा-दोन तासांत उतार, तर ते ऊनच. नवं लक्षण किंवा वाढलेला त्रास अंग थंड असूनही २४ तासांपेक्षा जास्त टिकला तर न्यूरोलॉजिस्टला फोन.

अटॅकवर स्टेरॉइड देतात, पण त्याची घाई नको. आधी लघवीची रुटीन आणि कल्चर तपासणी करा. एमएसमध्ये संवेदना कमी असल्याने जळजळ न होताही इन्फेक्शन असतं; फक्त पाय अचानक ताठरतात. अशात सलाइनमधून स्टेरॉइड दिलं की इन्फेक्शन आणखी फोफावतं.

२४ तास वाट पाहू नये अशा गोष्टी: लघवी पूर्ण अडणे, चेहरा अचानक वाकडा होणे, बोलणं अडखळणे, आणि अंग भट्टीसारखं तापून असंबद्ध बडबड. शेवटचा उष्माघात आहे, त्याला एमएसच्या खात्यात टाकू नका.

फुटाळा_काठ:
कूलरचं सांगतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत, अगदी नवतप्यातही (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), तो चांगलं काम करतो. पण खिडकीबाहेर बसवलेला हवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी. दार-खिडक्या बंद केल्या की खोली दमट होते, घाम वाळत नाही, अंग तापतंच. मृगाचा पाऊस पडला की कूलरचा उपयोग संपला. खरं तर एमएसवाल्यांना जूनचे ते उकाड्याचे दिवसच जड जातात. म्हणून एकाच खोलीला एसी, २४-२५ वर, आणि बाकी घराला कूलर. वरच्या स्लॅबला पांढरा चुना किंवा हीट-रिफ्लेक्टिव्ह रंग एप्रिलच्या आत मारून घ्या. कूलरच्या टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण उपसा, नाहीतर डेंग्यू.

व्यायाम सकाळी सातच्या आत. त्याआधी वीस मिनिटं कोमट ते गार पाण्याने अंघोळ. एकदम बर्फगार पाणी नको, स्नायू आणखी आखडतात. दवाखान्याची वेळ सकाळची मागा.

झिरोमाईल:
एक राहिलं. लघवीची घाई होते म्हणून बायका पाणी पिणंच सोडतात, घराबाहेर पडायचं असलं तर हमखास. त्याने लघवी दाट होऊन घाई वाढते, वर बद्धकोष्ठ आणि इन्फेक्शन. पाणी थोडं-थोडं दिवसभर प्यायचं, दर दोन-अडीच तासांनी घड्याळ बघून जाऊन यायचं, रात्री झोपण्याआधी दोन तास कमी. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही मूत्राशयात १०० मिलीच्या वर उरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. ऑक्सिब्युटिनिनसारख्या मूत्राशयाच्या गोळ्यांनी घाम कमी येतो; नागपूरच्या मे महिन्यात ही गोष्ट डॉक्टरांशी बोलायलाच हवी.

वर्धारोड:
इंजेक्शन २ ते ८ अंशांत. फ्रिजच्या दारात नको, मागच्या भिंतीला चिकटून नको (गोठलं की टाकून द्यायचं), मधल्या कप्प्यात डब्यात ठेवा. 'रूम टेंपरेचरला इतके दिवस चालेल' असं खोक्यावर असतं, ते २५ किंवा ३० अंशांचं. आपल्याकडे दुपारी खोलीच ३८ ला जाते, बाप्पा! बर्डीच्या (सीताबर्डी) बाजारातून आणताना आइस पॅक, पण औषध आणि पॅकच्या मध्ये कापड. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, थंड औषध जास्त दुखतं.

तर्रीपोहे:
खूप मदत झाली. पायांच्या ताठरपणावर बॅक्लोफेनची गोळी सुरू केलीय, त्यानंतर पाय उलट लुळे वाटतात. बंद करू का?

झिरोमाईल:
एकदम बंद करू नका. अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. कित्येकदा पायातला ताठरपणाच उभं राहायला आधार देत असतो, तो जास्त सैल झाला की गुडघा वाकतो. डोस कमी करायचा की वेळ बदलायची हे डॉक्टरांना विचारा, आणि पडण्याची भीती असेल तोवर संडास-बाथरूममध्ये धरायला दांडा लावून घ्या.

वर्धारोड:
दिव्यांग प्रमाणपत्राचंही बघा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत एमएस आहे; बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. तपासणीच्या दिवशी चाल बरी असली तर टक्के कमी पडतात, म्हणून एमआरआय, डिस्चार्ज कार्डं आणि न्यूरोलॉजिस्टचं ईडीएसएस (एमएसमधलं अपंगत्व मोजायचा आकडा) लिहिलेलं पत्र सोबत न्या.