आयसीयूतली पोटातली इंजेक्शनं बंद करा म्हणे!

गंगापूररोडकर: काल इथे पक्याने लिहिलंय, आयसीयूत पोटात देतात ती रक्त पातळ करायची इंजेक्शनं म्हणजे धंदा, त्यानेच काकांच्या पोटात रक्त साठलं, कुणी सही देऊ नका. डोकंच फिरलं वाचून. अरे, पेशंट आडवा पडून राहिला की पायाच्या शिरेत गाठ होते, ती सुटून फुफ्फुसात गेली की खेळ खल्लास, म्हणून हेपारिन नाहीतर एनोक्सापॅरिन देतात. सुई चरबीत जाते. हे रक्त साठतं पोटाच्या भिंतीत. बेंबीच्या दोन्ही बाजूंना उभा स्नायू आहे, त्याच्या मागून धमनी जाते, वय झालेलं, खोकल्याची ढास, त्यात रक्त पातळ, की ती फाटते. बेंबीच्या बरंच खाली त्या स्नायूला मागून भक्कम पडदा नसतो, रक्त सरळ ओटीपोटात पसरतं आणि बाहेर थेंब दिसत नाही.

द्वारकेचा पक्या: शास्त्र नका शिकवू भो. काकांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी चालते हे सांगणारा रक्तातला आकडा, आधीच वाढलेलं, तरी डोस तोच चालू. हिमोग्लोबिन 11 चं 6 झालं तेव्हा धावपळ. आत्याने चादर वर केली तर बेंबीखालून मांडीपर्यंत काळंनिळं!

गंगापूररोडकर: मग क्रिएटिनिनचं पोस्टमध्ये का गाळलंस? एनोक्सापॅरिन किडनीवाटे बाहेर पडतं, क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते तो आकडा, 30 च्या खाली असला तर डोस कमी करायचा किंवा साधं हेपारिन. तिथे चुकलं असेल त्यांचं, मान्य. औषधाला कशाला शिव्या?

सिडकोवाली सिस्टर: रात्रपाळीला एकेका सिस्टरकडे चार-चार पेशंट, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. झोपेच्या औषधावरचा माणूस पोट दुखतंय म्हणून सांगणार का? बीपी पडलं, पल्स वाढली की सगळे आधी सेप्सिसच, म्हणजे अंगभर पसरलेलं इन्फेक्शनच, धरतात.

पंचवटीकर: म्हणूनच नातेवाईकांना आत सोडा! आईच्या वेळी आम्हाला काचेतून दाखवायचे, भाजी मंडईत लांबून भाव विचारावा तसं. आत्याबाई आत गेल्या म्हणून कळलं ना?

सिडकोवाली सिस्टर: सोडतो की. मग एक जण नळीला अंगारा लावतो, दुसरा निफाडला व्हिडिओ कॉल लावून "बघा, डोळे उघडले" करतो, तिसरा चप्पल घालून आत. इन्फेक्शन झालं की शिव्या परत आम्हालाच.

पंचवटीकर: सगळे सारखे नसतात हो ताई. सकाळ-संध्याकाळ एकाच माणसाला, हात धुवून, गाऊन घालून सोडा, काय बिघडतं? बिल भरायला बरे आत बोलावता.

सिडकोवाली सिस्टर: बिलाचं काउंटरवर विचारा, माझा पगार सांगितला तर तुम्हीच वर्गणी काढाल.

द्वारकेचा पक्या: आणि पोट उघडून रक्त काढा म्हटलं तर सर्जन नाही म्हणाले. फाटलेली धमनी आतून बंद करायला बारीक तारेची कॉइल टाकणारा डॉक्टर त्या दवाखान्यात नव्हता, काकांना घेऊन कसारा घाट उतरून मुंबईला जायच्या गोष्टी सुरू.

गंगापूररोडकर: बरोबरच म्हणाले सर्जन. साठलेल्या रक्ताचाच दाब बसून धमनी दबते, उघडलं तर तो दाब जातो. इंजेक्शन बंद, रक्ताच्या पिशव्या, एवढ्यावर बहुतेकांचं थांबतं. नाहीच थांबलं तर सीटी अँजिओ करून कुठून गळतंय ते बघायचं, मग कॉइल. काकांचं कशाने थांबलं?

द्वारकेचा पक्या: पिशव्यांनी. घाट नाही उतरावा लागला.

गंगापूररोडकर: मग?

द्वारकेचा पक्या: मग काय, "सही देऊ नका" काढतो, खूश? त्याजागी "किडनीचा रिपोर्ट दाखवून डोस विचारा" टाकतो. धंदा हा शब्द मात्र राहणार.

पंचवटीकर: आणि भेटीच्या वेळेचंही टाक रे.

सिडकोवाली सिस्टर: टाका. चपलेचंही टाका.