सिक्वेलमधले रक्ताचे पाट: 'काहीही दाखवतात' म्हणून सोडून द्यायचे का? (चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

2025 च्या मे महिन्यात 'फायनल डेस्टिनेशन' या अपघातांच्या साखळीतून माणसं मारणाऱ्या भयपटमालिकेचा सहावा भाग आला, तेव्हापासून एकच वाक्य कानावर पडतंय: "काहीही दाखवतात राव." मान्य, काहीही दाखवतात. पण एवढ्यावरून या सिक्वेलना मोडीत काढणं मला पटत नाही. घटना अशक्य असणं हा या प्रकारातला दोषच नाही. चित्रपटानं स्वतः घातलेला नियम स्वतःच मोडणं आणि हात राखून काम करणं, हे खरे दोष.

2011 चा पाचवा भाग बघा. जिम्नॅस्टिकच्या हॉलमध्ये एसीचा एक स्क्रू निसटतो आणि बॅलन्स बीमवर (कसरतीच्या अरुंद पट्टीवर) टोक वर करून पडतो. त्याच एसीतून पाणी ठिबकतंय, जवळ उघडी वायर आहे. मुलगी बीमवर कसरत करते आणि तिचा पाय दर वेळी स्क्रूच्या अलीकडे-पलीकडे पडतो. मग ती बीम सोडून आडव्या बारवर जाते. आपण हुश्श करतो, तोच स्क्रूवर पाय पडतो तो दुसऱ्याच मुलीचा. ती कोसळताना पांढऱ्या पावडरचं भांडं सांडतं, पंख्याचा वारा ती पावडर बारवर गरगरणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत नेतो आणि तिचे हात सुटतात. पाणी आणि वायर यांनी कुणीच मरत नाही, ती फक्त आपलं लक्ष दुसरीकडे अडकवायला ठेवलेली. शेवटी शरीर ज्या पद्धतीनं दुमडतं ते हाडांच्या शास्त्रात बसत नाही. पण त्याआधीची प्रत्येक कडी सुटी घेतली तर कुठल्याही हॉलमध्ये घडू शकेल अशी आहे. अशी साखळी रचणं हे कसबाचं काम आहे, आणि त्या कसबासाठीच हे चित्रपट बघायचे.

आणखी एक. आपल्याकडे 'ए' (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्हीवर लावता येत नाही, तो कापून 'यूए' करून घेतात. कात्री नेमकी परिणामावर चालते. स्क्रू दिसतो, पाणी दिसतं, आणि पुढच्या क्षणी सगळे रडताहेत. बरेच लोक या चित्रपटांना वेडगळ ठरवतात ते ही तुकडे केलेली आवृत्ती बघून.

संगमावरून (कराड)

एका दृश्यावरून अख्ख्या मालिकांची वकिली करू नका. सिक्वेलचा रोग साठत जाणारा असतो. 'सॉ' ही भयपटमालिका बघा. 2004 च्या पहिल्या भागात दोन माणसं एका बंद न्हाणीघरात साखळदंडानं जखडलेली, हाताशी करवती. एवढंच सामान, म्हणून पटतं आणि म्हणूनच पोटात गोळा येतो. असे सापळे रचणारा सूत्रधार कर्करोगानं खंगलेला, तो 2006 च्या तिसऱ्या भागात मरतो. इथं दुकान बंद व्हायला हवं होतं. पण चालू ठेवायचं म्हणून दर वेळी मागच्या घटनांत नवा मदतनीस घुसवला: अमांडा दुसऱ्या भागापासून होतीच, मग पोलिसातला हॉफमन, 2010 मध्ये पहिल्या भागातला डॉक्टरच. 2023 चा दहावा भाग तर पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधल्या काळात नेऊन बसवला, कारण मेलेल्या माणसाला दुसरीकडे उभं करायला जागाच उरली नव्हती.

एकेक अशक्य गोष्ट प्रेक्षक पोटात घालतो. पण प्रत्येक नवा भाग आधीच्या भागांनाही खोटं पाडत जातो, त्याचं काय? पहिल्यातली भीतीसुद्धा मागे जाऊन पुसली जाते. माझी तक्रार रक्ताबद्दल नाही, या मागे जाऊन केलेल्या ठिगळांबद्दल आहे.

मिरजेचा चुंबक

'फायनल डेस्टिनेशन'च्या सहाव्या भागातल्या एमआरआयच्या दृश्यावर (यंत्र अंगावरचे दागिने आणि चाकाची खुर्ची ओढून घेतं) लोक सगळ्यात जास्त हसले, म्हणून त्यातलं खरं-खोटं वेगळं करतो.

खोटं काय, तर यंत्र चालू झाल्यावर चुंबकाला जोर चढतो हे. रुग्णालयातल्या नेहमीच्या एमआरआयचा चुंबक अतिवाहक (द्रव हेलियमनं गारठवलेल्या, विजेला अडथळा न करणाऱ्या तारेचा) असतो, 1.5 किंवा 3 टेस्लाचा (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप), आणि तो चोवीस तास चालूच असतो. स्कॅन चालू असो नसो, दिवे गेलेले असोत, ओढ तेवढीच. बटणानं कमी-जास्त करायची सोयच नाही. अगदीच जिवावर बेतलं तर क्वेंचचं बटण दाबतात. मग द्रव हेलियम उकळून नळीवाटे बाहेर जातं आणि चुंबकीय क्षेत्र उतरतं. पण ते झटक्यात होत नाही आणि नंतरचा खर्च लाखांत जातो.

अंगावरच्या दागिन्यांचं अर्धं खरं. सोनं आणि टायटॅनियम ओढलं जात नाही, चांगल्या प्रतीचं सर्जिकल स्टील नगण्य ओढलं जातं. हलक्या प्रतीच्या मिश्रधातूचे दागिने मात्र खेचले जातात आणि तापतातही.

आणि जी सगळ्यात अचाट वाटते ती, चाकाची खुर्ची उडत येऊन आदळण्याची गोष्ट, तीच खरी. साधी लोखंडी खुर्ची दारातून आत आली की आधी हळू सरकते आणि बोगद्याच्या तोंडाशी एकदम झेप घेते, कारण क्षेत्राचा चढ तिथंच सगळ्यात तीव्र असतो. 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका माणसाचा जीव गेला होता. तेव्हा 'काहीही' म्हणताना कशाला म्हणतोय ते आधी बघा. लेखकानं भौतिकशास्त्र वाचलेलं आहे, फक्त सोयीनं वापरलंय.

इस्लामपूर रोड

'फायनल डेस्टिनेशन'च्या दुसऱ्या भागातला (2003) ओंडक्यांचा ट्रक कुणी काढला न्हाई अजून? साखळी तुटती, ओंडकं रस्त्यावर पडून चेंडूगत उसळत्यात. खरं ओंडकं उसळत न्हाईत. करणाऱ्यांनी खरं टाकून बघितलं, ती जाग्यावरच बसली, म्हणून मग संगणकावर केली. पण गंमत बघा, चूक असून भीती बरोबर बसली. हंगामात उसाच्या डबल ट्रॉलीमागं गाडी चालवणाऱ्याला हे सांगाय नको. तिथं धोका मात्र उसळायचा नसतो. माल उंच रचलेला, त्यामुळं वजनाचा मध्य वर गेलेला, वळणावर नाहीतर खड्ड्यात एक चाक गेलं की मागची ट्रॉली कलंडती आणि भार बाजूच्या गाडीवर येतो. मागनं अंतर ठेवा आणि वळणावर बाजूनं घुसू नका.

वाई घाट

मी ठाम विरोधात. मिरजेच्या मंडळींनी चुंबकाचा हिशोब दिला, मी रक्ताचा देते.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यातलं दोन लिटर वेगानं गेलं की शुद्ध हरपते आणि उपचार नसतील तर माणूस जातो. वरचा रक्तदाब 120 मिमी पारा धरला तर रक्ताचा स्तंभ दीड मीटरच्या आसपास चढेल, धार त्याहून उंच जाणार नाही. आणि पडद्यावर? कारंजं छताला. 2023 च्या 'ईव्हिल डेड राइज'साठी साडेसहा हजार लिटर नकली रक्त वापरलं असं दिग्दर्शकानंच सांगितलंय. म्हणजे तेराशे माणसांचं.

पण आकडा हा माझा मुख्य मुद्दा नाही. 'टेरिफायर 2' (2022) मधलं एका मुलीच्या खुनाचं, बेडरूमचं दृश्य घ्या. त्या मुलीचं जे जे केलं जातं त्याच्या पहिल्या चतुर्थांशातच ती बेशुद्ध व्हायला हवी. ती होत नाही, कारण तिनं ओरडत राहावं अशी दिग्दर्शकाची गरज आहे. इथं अतिशयोक्ती वेदना लांबवायला वापरली आहे. जिम्नॅस्टिकच्या दृश्यात ती क्षणात संपते. या दोन्हींना एकच 'कसब' म्हणणं मला मान्य नाही. आणि असं लांबवलेलं मरण वारंवार बाईच्याच वाट्याला का येतं, याचं उत्तर चाहत्यांनी द्यावं.

विश्रामबाग (सांगली)

दृश्य क्रूर आहे, वाई घाट. त्याचं समर्थन मी करणार नाही. पण कामाबद्दल सांगायला हवं: 'टेरिफायर'चा दिग्दर्शक डेमियन लिओनी स्वतः मेकअप-इफेक्टवाला आहे आणि दुसरा भाग अडीच लाख डॉलरच्या आसपासच्या पैशात झाला. पडद्यावर दिसतं ते बहुतेक हातानं घडवलेलं. संगणकी रक्ताची अडचण हीच, की ते हवेत उडतं पण कापड ओलं करत नाही. पुढच्या शॉटमध्ये शर्ट कोरडा दिसतो आणि डोळ्याला खोट कळते.

इकडची पोरं शॉर्ट फिल्मसाठी पाण्यात कुंकू कालवतात, ते गुलाबी आणि पारदर्शक दिसतं. प्रमाण लिहून ठेवा. बेकरीचं सामान मिळतं तिथला लिक्विड ग्लुकोज अर्धा किलो, कोमट पाणी दीडशे मिली, लाल खायचा रंग दोन चमचे, निळ्याचे दोन-तीन थेंब, एक चमचा कोको पावडर. कोको आधी थोड्या पाण्यात घोटून घ्या, नाहीतर गुठळ्या कॅमेऱ्यात दिसतात. खरं रक्त अपारदर्शक असतं, तो दाटपणा कोकोनं येतो. निळा जास्त झाला तर जांभळं होतं. शूटच्या दिव्याखाली पांढऱ्या कापडावर एक थेंब टाकून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

धार हवी असेल तर द्राक्षबागेत वापरतात तो पाठीवरचा फवारणी पंप, नोझल काढून, पुढे पातळ नळी लावून. दोन गोष्टी बिघडतात. ग्लुकोज दाट राहिला तर गाळणी तुंबते, म्हणून पंपासाठी पाणी दुप्पट करा. आणि पंप कोरा करकरीतच हवा. औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी तोंडाजवळ वापरायचा नाही, यात तडजोड नाही.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

वाई घाट, वेदना लांबवणं आणि साखळी रचणं यातला फरक मला मान्य आहे. 'टेरिफायर'चं ते दृश्य मी माझ्या बाजूला धरत नाही. बायकांबद्दलचा प्रश्नही खरा आहे, ऐंशीच्या दशकापासूनचा आहे.

संगमावरून यांना मात्र उत्तर आहे. 'सॉ'चा नियम असा की सापळ्यातून सुटायची वाट असली पाहिजे. तिसऱ्या भागात अमांडाच्या सापळ्यांना वाटच नसते, आणि त्या भागाची सगळी गोष्ट याच नियमभंगावर उभी आहे. म्हणजे नियम किती महत्त्वाचा हे मालिकेला ठाऊक होतं. मदतनीसांची ठिगळं नंतर वाढली हे खरं, पण तिसऱ्यापर्यंत शिवण घट्ट आहे.

आणि आपल्या भागात अतिरेकाचं कसलं वावडं? 1843 मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं. पुढं त्या वळणाच्या नाटकांत राक्षसपार्टी 'अललडुर्र' करत, तलवारी परजत रंगमंचावर यायची. असा राक्षस कुणी पाहिला होता? लोक त्या प्रवेशाची वाट बघत बसायचे. पडद्यावरचं भूतसुद्धा आपल्याला परकं नाही, रामसे बंधूंनी 1972 च्या 'दो गज जमीन के नीचे'चं चित्रीकरण महाबळेश्वरातच केलं होतं.

संगमावरून (कराड)

राक्षसपार्टीचा दाखला चांगला आहे, पण तो प्रवेश संपला की गोष्ट पुढे सरकायची. इथं प्रवेशच सव्वादोन तास चालतो. 'टेरिफायर 2' ची लांबी 138 मिनिटं. या प्रकाराला नव्वद पुरतात.

कमी केल्यानं काय होतं याचा पुरावा तुमच्याच आवडत्या प्रकारातल्या एका मालिकेत आहे. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या सातव्या भागात (1988) खुनी जेसन एका मुलीला झोपायच्या पिशवीसकट उचलून झाडावर आपटतो. मुळात ती अनेकदा आपटलेली होती. अमेरिकेच्या रेटिंग मंडळानं कापायला लावलं आणि एकच आपट उरली. रक्ताचा थेंब नाही, पिशवी आपटते आणि तो निघून जातो. त्या मालिकेतल्या लोकांच्या लक्षात राहिलेल्या मृत्यूंपैकी हा एक.

विश्रामबाग (सांगली)

ते दृश्य चालतं ते पिशवीच्या वजनामुळं. आत भरलेलं काही जड आहे हे उचलतानाच कळतं, म्हणून एक आपट पुरते. कापूस भरलेली हलकी पिशवी असती तर दहा वेळा आपटूनही काही झालं नसतं. तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून घ्या, पण श्रेय कात्रीला एकटीला देऊ नका.

वाई घाट

श्रेय कुणालाही द्या. नव्वद मिनिटांची मर्यादा आणि बेशुद्ध पडलेल्या माणसाला बेशुद्ध राहू देणं, एवढ्या दोन गोष्टी पाळणारा सिक्वेल असेल तर सांगा, मी बघेन. छताला लागलेलं कारंजं चालेल.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

'फायनल डेस्टिनेशन'चा पाचवा भागच बघा मग. साधारण दीड तासाचा आहे. टीव्हीवरचा मात्र नको, न कापलेला शोधा, आणि स्क्रू पडल्यापासून प्रत्येक शॉट कशाकडे बघायला लावतोय तेवढं ध्यानात ठेवा.