दुबईची गाडी सांगलीला आणायची, ड्युटी किती बसेल?

दुबईकर_सांगली: नमस्कार मंडळी, ८ वर्षांनी कायमचा परत येतोय. माझी एसयूव्ही २ वर्षांची आहे, एकदम टकाटक, विकायला जीव होत नाही. वडील म्हणतात एक्साइज भरली की झालं, इथला एक मित्र म्हणतो टीआरमध्ये (ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स, कायमचं परतणाऱ्यांना मिळणारी कस्टमची सवलत) ड्युटी माफ होते. नक्की काय ते कुणी सांगेल का?

कंटेनरवाला: भाऊ, आधी सांग, स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे? दुबईची म्हणजे डावीकडेच असणार, मग विषयच संपला, आपल्याकडे उजव्या स्टिअरिंगचीच गाडी आणता येते. आणि एक्साइज गाड्यांवरून २०१७ मध्येच गेली, जीएसटी आला तेव्हा. टीआरचं म्हणशील तर ती सवलत घरच्या सामानाला, गाडी बॅगेजमध्ये धरतच नाहीत.

तरी हिशोब बघ, हौस फिटेल. जुन्या गाडीला बेसिक कस्टम ड्युटी ७० टक्के आणि वर कृषी सेस ६७.५, झाले १३७.५. हे नुसत्या गाडीच्या किमतीवर नाही, जहाजाचं भाडं न् विमा धरून. म्हणजे २० लाख धरले तर ड्युटी साडेसत्तावीस, झाले साडेसत्तेचाळीस, आता या सगळ्यावर मोठ्या गाडीला जीएसटी ४० टक्के म्हणजे अजून १९. साडेसहासष्ट लाख! आरटीओ अजून बाकीच आहे. टॅक्सवर टॅक्स म्हणतात तो हाच.

मैल_ते_किमी: +१. मी ब्रिटनहून परतताना हेच करून बसलो होतो, स्टिअरिंग उजवीकडे म्हणून खूश, तर स्पीडोमीटर मैलात, इथे किलोमीटरचाच लागतो. एजंटने हे आधी सांगितलंच नाही, अॅडव्हान्स मात्र घेतला. शेवटी तिथेच विकली. अजून एक, जुनी गाडी ३ वर्षांच्या आतली लागते आणि फक्त मुंबई बंदरातच उतरते.

दुबईकर_सांगली: बाप रे. पण समजा मित्राने मला ५ लाखांत विकली असं बिल दाखवलं तर?

कंटेनरवाला: 😂 कस्टमवाले तेवढे भोळे नाहीत रे. ते गाडी नवी असतानाची किंमत काढतात आणि त्यातून घसारा कापतात, पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, पुढे कमी कमी होत जातो. तुझं बिल बाजूलाच राहतं.

दुबईकर_सांगली: कळलं. उद्याच विकायला टाकतो. वडिलांना काय सांगू ते मात्र कळत नाहीये, त्यांनी अंगणातलं चिकूचं झाड तोडून जागा करून ठेवलीये.