मदत हवी आहे: बंदिस्त कॅलरीमापीतील उष्माग्राही क्रियेचा हिशेब

अमोनिअम नायट्रेट पाण्यात विरघळताना द्रावण गार पडते. स्फटिकातील आयन एकमेकांपासून सोडवायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी पाण्याचे रेणू त्या आयनांभोवती जमल्याने परत मिळत नाही आणि ही तूट प्रति मोल सुमारे २५.७ किलोज्यूल भरते. एन्ट्रॉपी (कण आणि ऊर्जा किती प्रकारे विखुरू शकतात याचे माप) मात्र प्रति मोल सुमारे १०८ ज्यूल प्रति केल्व्हिन वाढते. तिला २९८ केल्व्हिनने (म्हणजे २५ अंश सेल्सिअस) गुणले की ३२.२ किलोज्यूल येतात, म्हणून मुक्त ऊर्जा (स्थिर तापमान व दाबाला जी घटली तर क्रिया आपोआप घडते ती राशी) साधारण ६.५ किलोज्यूलने घटते आणि क्रिया आपोआप घडते. इथवर शंका नाही.

अडचण अशी, की हा हिशेब स्थिर तापमानाचा आहे. कॅलरीमापीत, म्हणजे उष्णता आत-बाहेर जाऊ न देणाऱ्या भांड्यात, ८ ग्रॅम, म्हणजे ०.१ मोल, क्षार १०० ग्रॅम पाण्यात ढवळला, तर लागणारे २.५७ किलोज्यूल बाहेरून येऊच शकत नाहीत. ते द्रावणातील कणांच्या हालचालीतूनच खर्ची पडतात आणि द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता) पाण्याइतकी धरल्यास तापमान सुमारे ५.७ अंशांनी उतरते. म्हणजे भांड्यातील एकूण एन्थाल्पी (स्थिर दाबाला उष्णतेच्या देवघेवीने बदलणारी ऊर्जा) बदललीच नाही; तक्त्यातील २५.७ चा आकडा हा द्रावण पुन्हा २५ अंशांवर आणण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या उष्णतेचा आहे, असे मी समजतो.

मग अशा भांड्यात क्रियेची दिशा एकट्या एन्ट्रॉपीनेच ठरायला हवी. विरघळण्यामुळे ती १०.८ ज्यूल प्रति केल्व्हिन वाढते, गार पडण्यामुळे सुमारे ८.७ ने घटते, तरीही २.१ ची निव्वळ वाढ उरते. हे उत्तर मला फार समाधानकारक वाटते, कारण ‘प्रत्येक क्रिया कमी ऊर्जेकडेच जाते’ हे विद्यार्थ्यांच्या मनात घट्ट बसलेले विधान त्यामुळे आकड्यांनिशी खोडता येते.

जाणकारांना विनंती, की त्यांनी दोन गोष्टी तपासून सांगाव्यात. एन्ट्रॉपी केवळ सुरुवातीच्या आणि शेवटच्या अवस्थेवर अवलंबून असल्यामुळे, प्रत्यक्षात एकाच वेळी घडणारे विरघळणे आणि गार होणे मी दोन सुट्या पायऱ्या मानून मोजले आहे. यात कोणता परिणाम निसटतो का? दुसरे, २५.७ हा आकडा अतिशय विरल द्रावणासाठीचा आहे, तर इथल्या संहतीला नेमका कोणता आकडा वापरावा आणि त्यामुळे २.१ ची ही छोटी वाढ कितपत बदलेल? आकडेमोडीसह उत्तर मिळाल्यास मी आभारी राहीन.