मदत हवी आहे: पॉइंट टू टू (.२२) रायफल नव्या स्टॉकमध्ये (दस्त्यात) बसवायची आहे, भरवशाचा गनस्मिथ (बंदुकीचं काम करणारा कारागीर) ओळखायचा कसा? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण नीट वाचा आणि खरंच माहीत असेल तर सांगा, कारण एकदा हात पोळलेत आणि दुसऱ्यांदा परवडणार नाही.

मी ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून नेमबाजी) मारते, कोल्हापुरातच प्रॅक्टिस. रायफल जुनी आन्शुट्झ आहे, लाकडी स्टॉकची, ३ वर्षांपूर्वी माझ्या परवान्यावर चढली. बॅरल अजून उत्तम आहे. अडचण स्टॉकची. माझी उंची ५ फूट १ इंच आणि त्यात मी डावखुरी, त्यामुळे प्रोनला (झोपून) कसंबसं जमतं पण नीलिंगला (गुडघ्यावर) बसलं की बट (स्टॉकचं मागचं टोक) खांद्यात शिरते, मान पुढं ताणायला लागते आणि विसाव्या शॉटपर्यंत डोळ्यात पाणी. म्हणून अ‍ॅक्शन (बोल्ट बसतो तो भाग) आणि बॅरल तेच ठेवून नवा अ‍ॅल्युमिनियमचा स्टॉक, बेडिंग (अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये घट्ट बसवणं), चीकपीस (गालाचा टेकू), बटप्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी), हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर) सगळं माझ्या मापानं करून घ्यायचंय.

आता पोळले कशी ते सांगते. गेल्या वर्षी बाहेरगावच्या एका वर्कशॉपला हीच रायफल बेडिंग आणि चीकपीससाठी दिली. नाव घेत नाही, कृपया विचारू नका. १५ दिवस सांगितले आणि ४ महिने ठेवली. परत आली तेव्हा दिसायला एकदम चकाचक, पप्पा तर खूश झाले. रेंजवर नेली आणि पहिल्याच कार्डावर (टार्गेटच्या कागदावर) कळलं काहीतरी बिघडलंय. आधी रायफल क्लॅम्पला लावून १० गोळ्या मारल्या की सगळी भोकं जवळजवळ रुपयाच्या नाण्याखाली झाकायची, त्या कार्डांवर मी पेन्सिलनं नाण्याभोवती गोल काढून तारीख टाकून ठेवलीय. आता त्याच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्या, तोच क्लॅम्प, आणि ४ भोकं गोलाच्या बाहेर. ५० मीटरच्या टार्गेटवर दहा गुणांच्या गोलाचा व्यास १०.४ मिलिमीटर, तिथं एवढं सरकलं तर मी कितीही स्थिर धरून काय उपयोग?

माझ्या कोच सरांनी स्टॉक उघडायला लावला. पुढच्या स्क्रूच्या आट्यांत पिवळट इपॉक्सी सुकून बसलेली, नखानं खरवडली तर नखाला लागली. म्हणजे टॉर्क रेंच ५ न्यूटन मीटरला टक्क करायचा खरा, पण तो जोर त्या घाणीशी झगडण्यातच जायचा, अ‍ॅक्शन आत सैलच. आणि त्याहून वाईट म्हणजे न सांगता ट्रिगर "स्मूथ" करून दिलेला. रिकाम्या चेंबरवर बोल्ट जरा जोरात बंद केला की स्ट्रायकर (गोळीवर आपटणारी पिन) आपोआप सुटायचा. गोळी असती तर? आजूबाजूच्या लेनवर १४-१५ वर्षांची पोरं असतात हो. त्या दिवशी मला खरंच रडू आलं. ट्रिगर युनिट नंतर दुसरं मागवून बसवून घेतलं, खर्च झाला तो झाला.

आपल्या कोल्हापूरचं मला याच गोष्टीचं वाईट वाटतं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची वर्ल्ड चॅम्पियन झाली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये याच थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, राही सरनोबतचं २०१८ च्या एशियन गेम्सचं गोल्ड आहेच, आणि एवढी नेमबाजी रुजलेल्या गावात माझ्या ओळखीतला प्रत्येक जण रायफलचं काम बाहेर पाठवतो, तेही फोनवर ऐकलेल्या नावावर.

तर विचारायचंय ते असं. गनस्मिथ चांगला की नुसता बोलका हे रायफल हातात द्यायच्या आधी कसं कळतं? तुम्ही त्याला काय विचारता? पप्पांचे एक मित्र शिवाजी उद्यमनगरात टर्नर आहेत, हात सोन्याचा, फाउंड्रीवाले त्यांच्याकडंच येतात, पप्पा म्हणतात त्यांच्याकडंच करून घेऊ. मला आतून बरोबर वाटत नाहीये पण का ते पप्पांना पटवून देता येत नाहीये. आणि रायफल बाहेरगावी न्यायची झाली तर पप्पांनी एकट्यानं नेली तर चालते का, मला नोकरीतून सुट्टी मिळणं अवघड आहे.

प्रतिसाद १

ताई, आधी परवाना बघा. दुकानात लावलेला असतो, नसला तर मागायचा, लाजायचं नाही. १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम ५ प्रमाणे हत्यार नुसतं बनवायलाच नाही, रिपेअर करायला, टेस्ट करायला पण परवाना लागतो. दाखवायला कांकू करणाऱ्याकडनं तिथूनच माघारी फिरा.

दुसरं, मी नेहमी विचारतो की "तुम्ही काय करणार नाही?" चांगला माणूस लगेच सांगतो, सिअरला (ट्रिगरमधला स्ट्रायकर अडवणारा तुकडा) दगड लावणार नाही, बॅरलला गरज नसताना हात लावणार नाही, बॅरलची लांबी कमी करा म्हणालात तर रायफल परत न्या. सगळंच हो म्हणणाऱ्याची मला भीती वाटते. माझी स्वतःची रायफल असल्याच एकानं वाया घालवली होती, तेव्हापासनं हा प्रश्न पहिला.

काम झालेल्या नव्या रायफलींचे फोटो बघून काही कळत नाही. २-३ वर्षांपूर्वी त्यानं केलेली रायफल ज्याच्याकडं आहे त्याला गाठा, स्टॉक उघडून बेडिंग दाखवा म्हणा. आणि देताना पावती घ्या, त्यावर रायफलचा नंबर, कॅलिबर, काय काम करायचं ते आणि "याशिवाय कशाला हात लावणार नाही" एवढं लिहून सही. तुमची ती पेन्सिलच्या गोलाची कार्डं सोबत न्या, लॉट नंबरसकट. रायफल परत घेताना त्याच लॉटवर त्याच्यासमोर ग्रुप काढायचा (भोकं किती जवळ पडतात ते बघायचं), मगच उरलेले पैसे.

पप्पांचं म्हणाल तर कलम ३ मध्येच सोय आहे, परवानाधारकाच्या लेखी अधिकारावर दुसरा माणूस रिपेअरसाठी हत्यार नेऊ शकतो. तुमच्या सहीचं पत्र, परवान्याची कॉपी बरोबर द्या. रायफल बॅगेत, बोल्ट काढून वेगळा. पण माझं ऐका, पहिल्या खेपेला सुट्टी काढून तुम्हीच जा.

प्रतिसाद २

मी स्वतः उद्यमनगरात आहे, लेथ आणि मिलिंग दोन्ही चालवतो, म्हणून लिहितोय. ताई, तुम्हाला आतून वाटतंय ते बरोबर आहे. आम्हाला मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडता येतो, त्यात वाद नाही, पण परवान्याशिवाय बंदुकीचं काम टेबलावर घेतलं तर तो गुन्हा आणि कायद्यात हत्यार म्हणजे हत्याराचे पार्टसुद्धा येतात, नुसता स्टॉक आहे म्हणून सुटका नाही. तुमच्या पप्पांचे मित्र जेवढे चांगले कारागीर तेवढं त्यांना यात ओढू नये असं मला वाटतं. पप्पांना एवढंच सांगा, उद्या काय झालं तर मित्राच्या दुकानाला टाळं लागेल. त्यांच्याकडनं रायफल साफ करायचा स्टँड करून घ्या, त्यात ते जीव ओततील.

बाकी कारागीर ओळखायची आमच्याकडची रीत सांगतो. जॉब हातात आल्यावर जो आधी पुसतो, मोजतो आणि लिहून ठेवतो तो कामाचा. बघितल्या बघितल्या "होऊन जाईल" म्हणणाऱ्याकडं रिवर्कचा ढीग असतो. तुमच्या स्क्रूत इपॉक्सी गेली म्हणजे ओतायच्या आधी आट्या मेण लावून बंद केल्या नव्हत्या, हे शिकाऊ पोराला पण शिकवतात. आता ती काढायला घरात टॅप (आट्या पाडायचं हत्यार) फिरवू नका, आट्या जातील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. उद्यमनगरचं पप्पांना वाचून दाखवलं, ते गप्प झाले आणि मग म्हणाले स्टँड करू. काकांना कालच सांगून आले.

काल दोन ठिकाणी फोन केले. पहिल्यानं माप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, ८ दिवसात देतो म्हणून सांगितलं. दुसऱ्याला "काय करणार नाही" विचारलं तर ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, तुम्ही जॅकेट, ग्लोव्ह, नीलिंग रोल (घोट्याखालची उशी) घेऊन या, तिन्ही पोझिशनमध्ये बसल्याशिवाय मी एक पण माप घेणार नाही, आणि ट्रिगर कंपनीच्या सेटिंगच्या बाहेर नेणार नाही. परवान्याची कॉपी न मागता पाठवली. त्यांनी ३ वर्षांपूर्वी केलेली एक रायफल सांगलीत आहे, रविवारी ती उघडून बघायला चाललेय, टॉर्च घेऊन.

आता एकच राहिलं. जुन्या लाकडी स्टॉकमधली अ‍ॅक्शन अ‍ॅल्युमिनियममध्ये गेल्यावर रिकॉइल (गोळी सुटतानाचा धक्का) वेगळा वाटतो म्हणतात, तर तिन्ही पोझिशनचं झिरो (नेम जुळवणं) आणि लॉट टेस्टिंग (कुठल्या लॉटच्या गोळ्या चालतात ते बघणं) परत बसायला तुम्हाला किती आठवडे लागले? मॅचच्या तारखा बघून रायफल कधी द्यायची ते ठरवायचंय, ज्यांनी हा बदल स्वतः केलाय त्यांनी सांगा की.