एफएससी लाकूड: खात्री कशी करायची?

प्रश्न: चौकटींसाठी लाकूड घ्यायचंय. विक्रेता 'एफएससी आहे' म्हणतो (म्हणजे जंगलं नीट सांभाळण्याचे निकष ठरवणाऱ्या 'फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल'चं प्रमाणपत्र आहे), पण फळ्यांवर शिक्का नाही. विश्वास ठेवावा का?

उत्तर १: शिक्क्यापेक्षा बिल महत्त्वाचं. त्यावर विक्रेत्याचा 'चेन ऑफ कस्टडी' (जंगलापासून विक्रेत्यापर्यंत माल हाताळणाऱ्यांची प्रमाणित साखळी) क्रमांक हवा आणि त्या मालापुढे 'एफएससी १०० टक्के', 'मिक्स' किंवा 'रीसायकल्ड' असा दावाही. क्रमांक एफएससीच्या ऑनलाइन यादीत टाका. प्रमाणपत्र चालू आहे का, त्यात हा माल येतो का, दोन्ही बघा. मधला एखादा व्यापारी अप्रमाणित निघाला की साखळी तुटते. मग लाकूड कितीही चांगल्या जंगलातलं असो, दावा करता येत नाही.

उत्तर २: ओलावा मीटरने वेगळा मोजा. ओलं लाकूड प्रमाणित असलं तरी पिळतंच. प्रमाणपत्राची खरी किंमत जंगलात आहे: वाढीच्या मर्यादेत तोड, ओढ्याकाठची झाडं राखलेली, दरवर्षी तपासणी. त्यासाठी थोडे जास्त पैसे जरूर मोजा.